मायच्या जागेवर कायमची नर्सबाई द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

मंत्रिमहोदय,

परतूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर माझ्या मायनं आरोग्यसेविका म्हणून उभी नोकरी काढली. गावात तिला सगळे नर्सबाई म्हणत आणि निवृत्तीनंतरही तेच नाव राहिलं. मागच्या पावसाळ्यात ती गेली. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाला भावानं शंभर-सव्वाशे माणसांचा अंदाज धरून आचाऱ्याला सांगितलं होतं. दुपारी पुन्हा भात टाकावा लागला. उपकेंद्राखालच्या सगळ्या गावांतून बाया आल्या, कोणी टमटमनं, कोणी पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून. मराठ्यांच्या, धनगरांच्या, मुसलमानांच्या, तांड्यावरच्या, आमच्या वस्तीतल्या. एका म्हातारीनं सुनेला पुढं केलं आणि म्हणाली, "हिच्या नवऱ्याची नाळ बाईनं कापली, अन् हिच्या लेकराला कोणते डोस राह्यलेत ते पण बाईच सांगायची."

अशी बाई एखाद्या गावाला तीस वर्षांच्या वर मिळते कशी, आणि आता का मिळत नाही, हे मला आपल्यासमोर मांडायचं आहे. हे मी कुठल्या अहवालावरून लिहीत नाही, तिच्याच आयुष्यावरून लिहिते.

माय ऐन तारुण्यात विधवा झाली. पदरात मी आणि माझा भाऊ. सातवी शिकलेली होती, म्हणून कोणीतरी एएनएमच्या, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेच्या, ट्रेनिंगचं सुचवलं. त्या काळी मराठवाड्यात या ट्रेनिंगला विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, मिशनच्या शाळेत शिकलेल्या आणि आमच्यासारख्या दलित घरांतल्या बाया पुष्कळ असायच्या. बऱ्या घरची लेक कोणी धाडत नसे. रक्त, वार, घाण काढायची, रात्री-अपरात्री परक्या पुरुषांबरोबर बैलगाडीत बसून जायचं, या कामाला मान नव्हता. जालन्याला स्कॉटिश मिशनऱ्यांनी उभारलेलं मिशन हॉस्पिटल निजामाच्या राज्यापासून होतं. आमच्या आजोळच्या लोकांनी पांढऱ्या साडीतली नर्स पहिल्यांदा पाहिली ती तिथंच. आपली लेक तसली साडी नेसणार म्हणून आजोबा आधी महिनाभर बोलले नव्हते, असं आजी सांगायची.

१९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर एएनएमला बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी करण्यात आलं. बाळंतपणं होतीच, त्यांत लसी, हिवताप, कुटुंब नियोजन आणि रजिस्टरांचा ढीग आला. माय त्या काळातली. ती लागली तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा तिच्या सेवापुस्तकात जिल्ह्याचं नाव बदललं. गावं मात्र तीच राहिली, आणि तिच्या बाबतीत तेच महत्त्वाचं ठरलं.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळानं केला आणि मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले. उपकेंद्राच्या गावात काही घडलं नाही, पण वस्तीत कोणी रात्री दिवा मोठा ठेवत नव्हतं. अशा एका रात्री गावातल्या मोठ्या वाड्यावरून बोलावणं आलं. सून दोन दिवस अडलेली, सुईणीनं हात टेकलेले. वस्तीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, जाऊ नको. माय गेली. मूल पायाळू होतं. पहाटे बाई सुटली, दोन्ही जीव वाचले. मग ओसरीवर तिला चहा दिला, कान तुटलेल्या कपात. तो कप आमच्या लोकांसाठी वळचणीला वेगळा ठेवलेला असायचा. तिनं चहा घेतला, कप विसळून जागेवर ठेवला, आत जाऊन बाळंतिणीचं पोट पुन्हा दाबून पाहिलं, रक्त थांबल्याची खात्री केली आणि घरी आली. बाळंतिणीच्या खोलीत तिला मोकळीक, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला मनाई.

तो कप पुढं गेला. एका दिवसात गेला नाही, दहा-बारा वर्षं लागली. त्याच वाड्यातल्या त्याच सुनेनं, सासू गेल्यावर, मायला चुलीजवळ पाट दिला. कायद्यानं अस्पृश्यता केव्हाच संपली होती, पण त्या घरातून ती जायला त्याच बाईला त्याच दारात वर्षानुवर्षं जात राहावं लागलं. दर तीन वर्षांनी नवी नर्स आली असती तर तो कप आजही तिथंच असता असं माझं ठाम मत आहे.

त्या काळी बाळंतपणं घरीच व्हायची. नाळ विळ्यानं कापायची, तिच्यावर राख नाहीतर शेण लावायचं. आठवडाभरात लेकराचा जबडा बसायचा, दूध ओढायचं थांबायचं, अंग ताठ व्हायचं. सटवाईनं नेलं म्हणून लोक पुरून यायचे. गावची सुईण मायहून दुप्पट वयाची आणि मानाची. मायनं तिच्याशी वाद घातला नाही, तिला सोबत घेतलं. प्रत्येक बाळंतपणाला स्वतःबरोबर बसवलं आणि पाच गोष्टी तिच्या अंगवळणी पाडल्या: हात साबणानं धुवायचे, जागा स्वच्छ ठेवायची, ब्लेड नवं घ्यायचं, दोरा उकळायचा, नाळेला काही लावायचं नाही. पोटुशी बाईला धनुर्वाताची सुई द्यायला आधी ती सुईणच घरोघर पुढं व्हायची, कारण तिचा शब्द कोणी मोडत नसे.

सुया उकळणं हे आमच्या घरातलं रोजचं काम होतं. काचेच्या सिरिंजा फडक्यात गुंडाळून पातेल्यात ठेवायच्या, स्टोव्हला पंप मारायचा, पाणी खळखळ उकळायला लागलं की घड्याळ बघायचं. आम्ही दोघं त्याच खोलीत अभ्यासाला बसलेले, रॉकेलचा वास सगळीकडे. गार झाल्यावर ती चिमट्यानं एकेक सुई उचलून उजेडाकडं धरायची आणि टोक कापसावरून हलकेच फिरवायची. कापसाचा तंतू ओढला गेला की टोक मुडपलंय म्हणून समजायचं. मग बारीक दगडावर ती सुई घासायची, पुन्हा कापूस, पुन्हा दगड, आणि सगळं नीट झालं की पुन्हा उकळायला. आम्ही विचारायचो, "एवढं कशाला गं माय?" ती म्हणायची, "उद्या मुडपलेली सुई टोचली तर ते लेकरू रडंल अन् परवा त्याची माय दार लावून घेईल."

२०१५ मध्ये मातांचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. पेपरातली ती बातमी मी तिला वाचून दाखवली. तिनं ती पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "सुईणबाईला कळायला पाह्यजे होतं." सुईण तोवर कधीच गेली होती.

पोलिओचंही तसंच. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा तांड्यावरची माणसं लेकरं लपवायची, थेंबांनी पोरं पुढं नामर्द होतात अशी कंडी पिकली होती. माय व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला लावून जायची आणि आधी भावाला सगळ्यांसमोर आ करायला लावायची. तो तेव्हा कॉलेजात होता. थेंब त्याच्या वयाला नव्हतेच, तो लाजून लाल व्हायचा, तांड्यावरची पोरं हसायची आणि मग एकेक आई पुढं यायची. भारतातला शेवटचा पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात नोंदला गेला. माय त्याच वर्षी निवृत्त झाली.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. मार्च आला की वरून तगादा सुरू व्हायचा: केस आणा. केस म्हणजे ऑपरेशनला तयार झालेली बाई. आकडा भरला नाही तर पगार अडकायचा, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचे. अंगात रक्त नसलेली, धाकटं मूल अजून पायावर उभं राहिलेलं नाही अशी बाई मायनं कधी गाडीत बसवली नाही. त्या पायी दोन वेळा आम्ही दिवाळी उसनवारीवर केली. १९९६ मध्ये केंद्र सरकारनं हे टार्गेट काढून टाकलं, तेव्हा तिनं आमच्यासाठी श्रीखंड आणलं. घरात श्रीखंड त्या आधी आलेलं मला आठवत नाही.

आई म्हणून तिचं काय होतं, हे सांगणं मला अवघड जातं, कारण ती आमच्या वाट्याला रात्रीची फार थोडी आली. दाराची कडी वाजली की भाऊ कंदील लावायचा, मी तिची पेटी पुढं करायची, आणि ती गेली की आम्ही शेजारच्या सुतारकाकांच्या घरी जाऊन झोपायचो. सकाळी सुतारकाकू आम्हांला भाकरी बांधून शाळेत लावून द्यायच्या. काही रात्री माय अडलेल्या बाईला घेऊन परतूर स्टेशनावर पॅसेंजरची वाट बघत बसायची, कारण जालन्याला नेण्याचं दुसरं साधन नव्हतं. एकदा प्लॅटफॉर्मवरच बाळंतपण झालं. हमालांनी धोतरं सोडून आडोसा धरला. दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा माझी चाचणी परीक्षा होती. तिनं माझी वेणी घातली आणि वेणी घालता घालताच बसल्या जागी झोपली. गाव तिच्या लेकरांना सांभाळायचं आणि ती गावाच्या. हे कोणी ठरवलं नव्हतं, ती तिथं राहत होती म्हणून झालं.

आजी म्हणून मात्र तिनं सगळी कसर भरून काढली आणि आम्हांला धाकातही ठेवलं. माझ्या वहिनीच्या पहिल्या बाळंतपणात गावाकडच्या बाया चीक पिळून टाकायला निघाल्या होत्या. माय दारात उभी राहिली आणि बाळ छातीला लावल्याशिवाय कोणाला हलू दिलं नाही. डोळ्यांत काजळ नाही, बाळगुटी नाही, पाचवीचा धूर बाळाच्या खोलीत नाही. पण डिंकाचे लाडू स्वतः वळायची, शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी वहिनीला स्वतःच्या हातानं वाढायची. मोठी नात आठ-नऊ वर्षांची असताना घरची शेळी गाभण होती. माय पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची आपली जुनी फिटोस्कोपची नळी घेऊन गोठ्यात बसली, शेळीच्या पोटावर जागा शोधत राहिली आणि सापडल्यावर नातीचा कान नळीला लावला. पोरगी श्वास धरून ऐकत होती. "दोन हायेत," माय म्हणाली. दोनच करडं झाली. त्या दिवसापासून नातीनं त्या नळीला कोणाला हात लावू दिला नाही.

मंत्रिमहोदय, आता कामाचं बोलते.

सरकारनं मायला फार काही दिलं नव्हतं. उपकेंद्राला लागून एक खोली, तिचं छत पावसाळ्यात गळायचं. पगार तुटपुंजा. पण तिच्या ऑर्डरवर मुदत लिहिलेली नव्हती. पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही, हा प्रश्न घेऊन ती एकदाही झोपली नाही. म्हणून तिनं खोलीपुढं लिंब लावला, आमची नावं गावच्या शाळेत घातली, सुईणीला शिकवायला वर्षं घालवली. निवृत्तीनंतर पेन्शन होती, म्हणून शेवटपर्यंत ती कोणावर ओझं झाली नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये साठीपुढच्यांना कोविडची लस सुरू झाली तेव्हा मी तिला घेऊन गेले. टोचणाऱ्या मुलीचा हात तिनं बारकाईनं पाहिला. "हात हलका हाय तुझा," म्हणाली आणि विचारलं, "राहतीस कुठं?" मुलगी म्हणाली, "जालन्याहून अपडाऊन करते, आज्जी. अकरा महिन्यांची ऑर्डर आहे. इथं खोली करून काय करू?" परतताना माय गप्प होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, पण तिला कोणी गाव दिलं नाही."

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये आलं, त्यातून खूप कामं झाली, ती मी नाकारत नाही. पण त्यातूनच अकरा महिन्यांची ऑर्डर रुळली. अकरा महिने, मग खंड, मग पुन्हा अकरा महिने. उपकेंद्रांचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी आले, त्यांचीही नेमणूक कंत्राटीच. दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा निर्णय शासनानं १४ मार्च २०२४ ला केला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये बेमुदत काम बंद करावं लागलं. ज्यांना कायम नोकरी मिळते, त्यांनाही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागल्या असतील तर मायसारखी जुनी पेन्शन आपोआप नाही. आणि वरून सगळ्यांना परिपत्रक: मुख्यालयी राहा. अकरा महिन्यांसाठी कोणती आई आपली लेकरं गावच्या शाळेत घालील?

आपले अधिकारी आपल्याला सांगतील की आता बाळंतपणं दवाखान्यातच होतात, १०८ ची गाडी आहे, गावात राहती नर्स कशाला. आकडे त्यांच्या बाजूनं आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात शंभरातली चौऱ्याण्णवहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. माता मृत्यूचं प्रमाण २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आलं, देशात केरळनंतर आपलाच क्रमांक. याचा मला अभिमान आहे, कारण त्यात माझ्या मायच्या आणि तिच्यासारख्या हजारो बायांच्या रात्री आहेत.

पण दवाखान्यात बाई जाते ती एक-दोन दिवस. बाकीचं वर्ष ती गावात असते. परतूर, मंठा, अंबड, घनसावंगीच्या गावांतून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे हे गाडी भरायच्या आधी कोणाला माहीत असतं? मायला असायचं. ती टोळी निघायच्या आदल्या रात्री कार्ड, लोहाच्या गोळ्या आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी देऊन यायची. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढल्याची चर्चा राज्यभर झाली, समिती नेमली गेली. त्याच्या किती आधीपासून माय प्रत्येकीला सांगत होती, "पांढरं जातंय म्हणून पिशवी काढू नको, आधी मला दाखव." सोळाव्या वर्षी लग्न ठरलेली पोरगी हेल्पलाइनला फोन करत नाही, ती ओळखीच्या बाईच्या खोलीत येऊन रडते. बीपीची गोळी मध्येच सोडलेला म्हातारा डॉक्टरांना खोटं सांगतो, नर्सबाईला सांगू शकत नाही, कारण ती संध्याकाळी त्याच्या ओट्यावरून जाणार असते. ही कामं कुठल्या अॅपमध्ये भरता येत नाहीत, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचत नसावीत.

आमच्या जालन्याला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, शंभर जागांचं. जिल्हा होऊन चाळीस वर्षं उलटल्यावर मिळालं, आनंद आहे. पण मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र हा जो जुना नियम आहे, तो या सगळ्या इमारतीचा पाया आहे, आणि त्या पायात माणूस कायमचा नाही.

सेविकांच्या सेवाभावाची भाषणं १२ मे च्या परिचारिका दिनाला होतील, पुष्पगुच्छ दिले जातील. मायला असा एक गुच्छ एकदा मिळाला होता. तिला तो आवडलाही होता. पण तिचं काम त्या गुच्छावर चाललं नाही, मुदत नसलेल्या ऑर्डरवर चाललं. त्यामुळं तिच्या नावानं पुरस्कार, चौक, पुतळा असं आमचं काही मागणं नाही. उपकेंद्रावरचं मंजूर पद कंत्राटानं भरायचं नाही, असा निर्णय आपण करा. दहा वर्षं झालेल्यांना सामावून घेण्याचा जो निर्णय झाला आहे, तो पूर्ण करा. उपकेंद्राच्या खोल्या राहण्यालायक करा, छत, संडास आणि पाणी एवढं तरी असू द्या. आणि जिला गाव मानतं, जी स्वतः गावात राहायला तयार आहे, तिची बदली केवळ नियमात बसते म्हणून करू नका.

ती फिटोस्कोपची नळी जपणारी नात आता एएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी ती पास होईल. तिला जालना जिल्ह्यातच, उपकेंद्रावरच काम करायचं आहे. तिच्यासारख्या मुलींसाठी कायम पदांची जाहिरात त्याआधी काढावी, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एका नर्सबाईची लेक
ता. परतूर, जि. जालना